बाटली झाका, मग वास घ्या

माझा डिझायनर परफ्यूम आणि बाजारात मिळणारी त्याची ‘हुबेहूब’ नक्कल, यांतला फरक मी ताईला ठासून सांगत होते. ती म्हणाली, "डोळे मिटून सांग बघू." नाही सांगता आलं. तेव्हापासून बाटली बघून दिलेलं मत मी मोजत नाही, स्वतःचंसुद्धा!

१९३६ पासून चालणारी अमेरिकेतली ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ किंवा १९६४ साली सुरू झालेली जर्मनीतली ‘श्टिफ्टुंग वारेनटेस्ट’ या ग्राहकांसाठी वस्तूंची चाचणी घेणाऱ्या संस्था. त्या तपासायच्या वस्तू आपण कोण ते न सांगता दुकानातून विकत घेतात. आपणही तेच करायचं. कंपनीनं फुकट पाठवलेल्या बाटलीबद्दल कुणी भरभरून लिहिलं असेल, तर ते जाहिरात म्हणून वाचा.

आता खरी चाचणी. शोषक कागदाच्या तीन सारख्या पट्ट्या घ्या. दोनांवर एक परफ्यूम, तिसरीवर दुसरा. फवारणी दुसऱ्या कुणीतरी करायची, सारख्याच अंतरावरून, प्रत्येकी एकदाच. कुठला परफ्यूम दोनदा येणार हे नाणं उडवून ठरवावं, उत्तर वहीत लिहून वही मिटावी. पट्टीवर रंग उतरतो आणि चुगली करतो, म्हणून डोळे मिटलेलेच हवेत. अल्कोहोल उडायला दोन मिनिटं द्या आणि वेगळी पट्टी कुठली ते ओळखा.

एकदा ओळखलंत म्हणून हुरळून जाऊ नका. नुसत्या अंदाजानंही तिनांत एकदा बरोबर येतंच. सहा फेऱ्या करा, पण दिवसाला दोनच, नाहीतर नाक थकतं. सहापैकी चार बरोबर आल्या तरी मी मानत नाही, कारण तेवढं साधारण दहात एकदा नशिबानंही जमतं. पाच किंवा सहा जमणं मात्र छप्पन्नात एकदाच. मधे कॉफीच्या बिया हुंगण्यापेक्षा खिडकीत उभं राहा.

पहिल्या पाच मिनिटांत माझ्या सहापैकी दोनच बरोबर आल्या. मग त्याच पट्ट्या चार तासांनी हुंगायचं ठरवलं, तेव्हा पाच जमल्या. सुरुवातीचे हलके, लिंबाच्या जातीचे वास लवकर उडतात. लाकूड, कस्तुरी मागे उरतात. आमच्या नक्कलीची पोल तिथेच उघडली. म्हणून घाईनं निकाल देऊ नका.

मग त्वचेवर: एक डाव्या हातावर, दुसरा उजव्यावर, दुसऱ्या दिवशी अदलाबदल. किती वेळ टिकला, हे मात्र दुसऱ्याला विचारा. आपलं नाक सरावतं, वास तिथेच असतो. शिवाय ‘आयसो ई सुपर’सारखं लाकडी वासाचं कृत्रिम द्रव्य काहींना जवळजवळ जाणवतच नाही, तेव्हा निदान दोन नाकं हवीत. लाली किंवा खाज आली तर तिथेच थांबा.

फरक आहे का आणि आवडतं काय, हे प्रश्न वेगळे. दुसरा मी सगळ्यात शेवटी, डोळे मिटायला लावूनच विचारला. ताईनं नक्कल निवडली.