समुद्राचा उन्हाळा ३१ मेला संपतो

कोल्हापुरातून समुद्री जीवशास्त्राच्या समर इंटर्नशिपचा अर्ज भरायच्या आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै, म्हणजे ६१ दिवस, यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. झूलॉजी घेतलेल्या कुणालाही हे नवीन नाही. पण इंटर्नशिपच्या तारखा ठरवताना ते कुणी बोलत नाही, आणि मला त्याचाच फटका बसला.

माझी परीक्षा मेअखेरीस संपली, म्हणून जूनची तारीख मिळाली. विषय होता बांगड्याच्या पोटातलं खाद्य. बंदरावर पोचले तर बोटी वर ओढलेल्या, झापांनी झाकलेल्या. ताजा बांगडा येणार कुठून? समुद्र खवळलेला, त्यामुळं प्लवकांची (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांची) जाळी घेऊन लहान होडीनंही जाता येईना. फ्रीजरमधल्या जुन्या नमुन्यांवर काम झालं. मायक्रोस्कोप छान शिकायला मिळाला, हे खरं. पण ज्या समुद्रासाठी घरच्यांशी भांडून घाट उतरले होते, तो खिडकीतूनच बघावा लागला, आणि त्याचं वाईट आजही वाटतं.

म्हणून पुन्हा सांगते. कोकण, गोवा, कारवार, कोची यांपैकी कुठंही जाणार असाल तर समुद्रातलं काम ३१ मेच्या आत संपलं पाहिजे. आणि 'मग चेन्नईला किंवा विशाखापट्टणमला जाऊ' असं लगेच ठरवू नका. पूर्व किनाऱ्यावरची बंदी १५ एप्रिल ते १४ जून असते. म्हणजे आपली मेची सुट्टी तिकडं नेमकी बंदीत जाते. पत्रात पहिल्याच परिच्छेदात परीक्षा संपण्याची तारीख लिहा आणि सरळ विचारा की या काळात नमुने मिळतील का. असं विचारल्यानं कुणी रागावत नाही. उलट विद्यार्थ्यानं विचार केलाय हे दिसतं.

परीक्षा जूनमध्ये गेली तरी घाबरू नका. फक्त विषय तसा मागून घ्या. फॉर्मलिनमध्ये ठेवलेले प्लवक, माशांच्या कानातल्या ओटोलिथवरची, म्हणजे छोट्या खड्यांवरची, वर्तुळं मोजून वय काढणं, किनाऱ्याच्या वाळूतलं मायक्रोप्लास्टिक, खारफुटीतला गाळ, ही कामं पावसात होतात. उपग्रहाचा डेटाही चालतो, पण पावसाळ्यात ढगांमुळं क्लोरोफिलची चित्रं फारशी मिळत नाहीत. तिथं मागच्या वर्षांचा डेटा घ्यावा लागतो, हे गाईडशी आधीच बोलून ठेवा.

अर्ज कुठं करायचा? गोव्यातल्या दोनापावलाची एनआयओ (राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था) सगळ्यांना माहीत असते, म्हणून सगळी गर्दी तिथंच. मुंबईत वर्सोव्याची सीआयएफई (मत्स्यशिक्षण संस्था), कोचीची सीएमएफआरआय (सागरी मत्स्य संशोधन संस्था) याही आहेत. पण आपल्याला खरं जवळ आहे ते रत्नागिरी. शिरगावचं मत्स्य महाविद्यालय आणि झाडगावचं सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्र आंबा घाट उतरला की आलंच. कारवारला कर्नाटक विद्यापीठाचा सागरी जीवशास्त्र विभाग आहे, तिकडं आपल्याकडचं कुणी फिरकत नाही. देशातल्या तीन विज्ञान अकादम्यांची मिळून जी दोन महिन्यांची समर फेलोशिप असते, तिचे अर्ज आदल्या वर्षी दिवाळीच्या आसपासच संपतात. मार्चमध्ये शोधायला बसलात तर ती गेलेली असते.

पैसे घेऊन प्रमाणपत्र देणाऱ्या ऑनलाइन इंटर्नशिपच्या वाटेला जाऊ नका. ज्या कामात पाय ओले झाले नाहीत किंवा डेटा स्वतः साफ केला नाही, ते काम मुलाखतीत दोन प्रश्नांत उघडं पडतं. एकच मेल पन्नास शास्त्रज्ञांना पाठवणंही तसंच. तीनच माणसं निवडा, त्यांचा एकेक पेपर नीट वाचा, न समजलेलं एक वाक्य पकडून त्यावर प्रश्न विचारा. इंग्रजी मोडकं असलं तरी चालतं, मनापासून सांगते. आणि मोठ्या नावामागं धावण्यापेक्षा त्या प्रयोगशाळेत पीएचडी करणारं कोण आहे ते बघा. रोज तुमच्या शेजारी बसून स्लाइड लावायला शिकवणार ती ताई किंवा तो दादा. सर आठवड्यातून एकदा दिसले तरी खूप.

'कोल्हापुरात कुठला आलाय समुद्र' हे ऐकून खचू नका. रंकाळ्याच्या पाण्यात प्लवकांची जाळी तशीच फिरवायची असते, सेजविक-राफ्टर सेलमध्ये (प्लवक मोजायच्या चौकटीच्या काचेत) मोजणी तशीच करायची असते. पाण्यातला विरघळलेला ऑक्सिजन मोजायची विंकलर पद्धत पंचगंगेच्या घाटावर बसून हात बसेपर्यंत करा. बाटलीत हवेचा बुडबुडा राहू द्यायचा नाही आणि मँगनीजचं द्रावण व अल्कलाइन आयोडाइड जागेवरच घालायचं, लॅबमध्ये आणून नाही. एवढं आधीच येत असेल तर पहिला आठवडा वाचतो.

भरती-ओहोटीचं गणितही घरूनच शिकून जा. कोकणातले जुने लोक तिथीला पाऊणनं गुणून भरतीची वेळ काढतात. अष्टमीला आठ गुणिले पाऊण, म्हणजे सहाच्या सुमाराला भरती आणि बाराच्या सुमाराला ओहोटी. पण अष्टमीला भांगाची, म्हणजे कमी जोराची भरती, पाणी फारसं मागं हटत नाही. खडकांवरचे जीव बघायचे तर अमावस्या-पौर्णिमेचं उधाण हवं. तेव्हा ओहोटी सकाळी सहाच्या आगेमागे असते. म्हणजे क्वाड्रॅट (जीव मोजायची चौकोनी चौकट), वही, पिशव्या घेऊन उजाडायच्या आत खडकावर पोचायचं. वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढं सरकते. अंतिम वेळ मात्र छापील भरती-कोष्टकातूनच घ्या, आणि पाणी वळलं की काम अर्धं टाकून मागं या. एक नमुना राहिला तर राहू दे.

पायात बंद बूट हवेत. कालवांच्या कडा चपलेतून पाय कापतात, आणि खाऱ्या पाण्यात ती जखम लवकर भरत नाही. धनुर्वाताचं इंजेक्शन निघायच्या आधी इथंच घेऊन टाका.