मित्र तरुण संघाची सेवा हाती घेतो तेव्हा

कालपर्यंत आपल्या शेजारी बाकावर बसणारा मित्र चर्चमधल्या तरुणांचा गट, म्हणजे तरुण संघ, सांभाळू लागला की मंडळीत त्याचं कौतुक करणारे पुष्कळ भेटतात. नीट पाहून खरं सांगणारं माणूस क्वचित मिळतं, आणि ते काम मित्राचं आहे. बायबलमध्ये प्रेषितांची कृत्ये 11 मध्ये बर्णबा तार्सला जाऊन शौलाला (पुढचा पौल) शोधून आणतो आणि अंत्युखियात वर्षभर त्याच्या बरोबरीने शिकवतो. सोबत म्हणतात ती ही.

पहिल्या संदेशासाठी, म्हणजे प्रवचनासाठी, उत्तम शुक्रवारची (गुड फ्रायडेची) उपासना चांगली. बऱ्याच मंडळ्यांत दुपारी 12 ते 3 या वेळात येशूचे वधस्तंभावरचे सात उद्गार सात जणांना वाटून दिलेले असतात. त्यातला एक त्याला मिळावा असं वाटत असेल तर लेंट (ईस्टरआधीचा उपवासकाळ) लागायच्या आधीच पाळकसाहेबांच्या कानावर घाला. मधली गीतं आणि प्रार्थना धरता बोलायला 12 ते 15 मिनिटंच हाती येतात. त्याला घरी दोनदा मोठ्याने बोलायला लावा आणि मोबाईलवर वेळ लावा. नवशिक्याची पहिली 3 मिनिटं हमखास नमस्कार-आभारांत जातात आणि शेवटचा मुद्दा घाईत उरकतो. दुसरी खोड म्हणजे यूट्यूबवरच्या प्रचारकाचा आवाज आणि हातवारे उचलणं. तसं दिसलं की लगेच सांगा. एकदा अंगवळणी पडलं की सुटता सुटत नाही.

शनिवारच्या सभेत मागच्या बाकावर बसा आणि वहीत तीनच गोष्टी लिहा: संदेश किती मिनिटं चालला, किती मुलं स्वतःहून बोलली, कोण मध्येच उठून गेलं. दीड तासाच्या सभेत संदेश 20 मिनिटांच्या आत हवा आणि चर्चेचे गट 6 ते 8 जणांचे. गट मोठा झाला की तीच दोन मुलं बोलतात, बाकीची मान डोलावतात. हे सगळं चर्चच्या आवारात, लोकांसमोर सांगू नका. दुसऱ्या दिवशी चहावर सांगा: जमलेली एक गोष्ट, सुधारायची एक. पाच चुका एकदम ऐकल्या की माणूस पुढच्या वेळी तुमच्याकडे बघायचंच टाळतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये दहावी-बारावीच्या परीक्षांमुळे हजेरी घटते आणि त्याला वाटतं आपलंच चुकलं. तेव्हा सभा तासाभराची करून परीक्षार्थींसाठी प्रार्थना ठेवायला सुचवा.

दोन बाबतींत भीड ठेवू नका. पहिली पैशांची. शिबिराची वर्गणी त्याच्या स्वतःच्या जीपेवर कधीच जमा होऊ देऊ नका. मंडळीच्या खात्यात भरावी, पावती द्यावी, खर्चाच्या कागदावर दोन सह्या असाव्यात. हेतू कितीही निर्मळ असला तरी हिशेब उशिरा आला की कुजबुज सुरू होते आणि सेवा तिथेच बसते. दुसरी लहान मुलांची. 18 वर्षांखालच्या मुलामुलींबरोबर बंद खोलीत एकट्याने समुपदेशन नको, रात्री उशिरा खाजगी मेसेज नकोत; शिबिरात मुलं आणि मुली दोघांसाठी जबाबदार प्रौढ हवेत. एखाद्या मुलाने लैंगिक अत्याचाराविषयी सांगितलं तर 2012 च्या पॉक्सो (बाल लैंगिक अत्याचारविरोधी) कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. ‘मंडळीतच मिटवू’ असं म्हणणाऱ्या वडीलधाऱ्यांपुढे तो एकटा पडेल. तेव्हा त्याच्यासोबत ठाण्यात जा. 1098 हा चाइल्ड हेल्पलाइनचा नंबर दोघांच्याही फोनमध्ये असू द्या.

थकवा आधी घरात दिसतो. आईशी चिडचिड, नोकरीवर उशीर, स्वतःचं शास्त्रवाचन फक्त संदेशापुरतं. निर्गम 18 मध्ये सासरा इथ्रो मोशेला सांगतो की हे ओझं एकट्याला पेलणार नाही, कामं वाटून दे. तुम्हीही तेच सांगा आणि एक काम स्वतः उचला: खुर्च्या, साउंड, नाहीतर हजेरीची वही. महिन्यातला एक शनिवार दुसऱ्या कोणाकडे द्यायला लावा आणि त्या दिवशी त्याला सभेत मागे, तुमच्या शेजारी बसवा.

पूर्णवेळ सेवेचा विषय निघाला तर सेमिनरीचा (पाळक घडवणाऱ्या शिक्षणसंस्थेचा) फॉर्म भरायच्या आधी त्याने निदान वर्षभर संघ चालवलेला असावा, आणि घरच्यांशी व पाळकांशी वेगवेगळं बोलणं झालेलं असावं. पुण्यात युनियन बिब्लिकल सेमिनरी आहे. तिथे एक दिवस सोबत जा आणि शिकणाऱ्या मुलांना फी, राहणं आणि नंतरची नेमणूक याबद्दल सरळ विचारा.