पुण्याहून उटीपर्यंत : सह्याद्रीच्या अंगाखांद्यावरून पाच राज्यांचा मोटारप्रवास कसा आखावा

पुण्याहून उटीला मोटारीने जाणारे बहुतेक जण राष्ट्रीय महामार्ग ४८ धरतात आणि पठारावरून सरळ दक्षिणेकडे जातात, त्यामुळे वाटेतला डोंगर त्यांना दिसतो तो थेट बंडीपूरच्या पलीकडे. हाताशी बारा-तेरा दिवस असतील, तर सह्याद्रीची साथ न सोडता महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक, केरळ आणि तमिळनाडू अशा पाच राज्यांतून तिथे पोहोचता येते. या मार्गाचे नियोजन मात्र नेहमीच्या सहलीपेक्षा वेगळ्या रीतीने करावे लागते.

पहिली गोष्ट म्हणजे अंतर किलोमीटरमध्ये न मोजता तासांत मोजावे. घाटात गाडीचा सरासरी वेग ताशी पंचवीस-तीस किलोमीटरच्या वर जात नाही. केरळच्या वायनाडमधल्या सुलतान बत्तेरीहून तमिळनाडूतल्या गुडलूरमार्गे उटी हे अंतर शंभर किलोमीटरच्या आतबाहेर आहे, पण त्याला निम्मा दिवस सहज लागतो. म्हणून दिवसाचा आराखडा करताना त्या दिवशीचा घाट कोणता, तो किती वाजता लागेल आणि अंधार पडण्यापूर्वी आपण त्यातून बाहेर पडू का, हे आधी ठरवावे आणि मुक्कामाचे गाव नंतर. जाताना दिवसाला दोनशे किलोमीटर ही मर्यादा मी स्वतःसाठी घालून घेतली आहे. पुणे ते आंबोली हा पहिला टप्पा तेवढा अपवाद, कारण त्यातला बराचसा भाग महामार्गाचा आहे.

दुसरी गोष्ट जंगलातल्या नाक्यांच्या वेळांची. बंडीपूर आणि मुदुमलईच्या जंगलातून जाणारे दोन्ही राष्ट्रीय महामार्ग, म्हणजे कर्नाटकातल्या गुंडलुपेटहून सुलतान बत्तेरीकडे जाणारा आणि गुंडलुपेटहून गुडलूरकडे जाणारा, रात्री नऊ ते सकाळी सहा या वेळेत सर्वसामान्य वाहनांना बंद असतात. वाहनांखाली वन्यप्राणी मरत असल्यामुळे २००९ पासून ही बंदी आहे. नागरहोळेच्या जंगलातून मानंतवाडीकडे जाणारा बावलीचा रस्ता तर संध्याकाळी सहालाच बंद होतो. आमच्या पहिल्या प्रवासात गुडलूरला चहा आणि खरेदी यांत अर्धा तास जास्त गेला आणि आम्ही नाक्यावर पोहोचलो तेव्हा नऊ वाजून दहा मिनिटे झाली होती. फाटक खाली आले होते, समोर ट्रकची रांग लागली होती आणि चालक सकाळपर्यंत थांबायचे म्हणून केबिनमध्ये अंथरूण घालत होते. आम्हाला तसेच मागे फिरून रात्री खोली शोधावी लागली. तेव्हापासून नऊच्या फाटकाला मी सातच्या आत पोहोचतो.

ऋतू निवडताना ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ धरावा. पावसाळ्यात आंबोली आणि कर्नाटकातले अगुंबे ही दोन्ही ठिकाणे अलौकिक दिसतात, पण तिथे पाऊस कित्येक हजार मिलिमीटर पडतो, दरडी कोसळतात आणि घाट दिवसेंदिवस बंद राहतात. जोगचा २५३ मीटरचा धबधबा पाहायचा असेल, तर ऑक्टोबर उजाडताच निघावे; शरावतीचे पाणी वरच्या लिंगनमक्की धरणात अडवले जात असल्यामुळे पुढे उन्हाळ्याकडे धार अगदी बारीक होते.

पहिला मुक्काम आंबोलीला करावा. निपाणीहून आजऱ्यामार्गे तिथे जाता येते. दुसऱ्या दिवशी घाट उतरून सावंतवाडीवरून गोव्यात शिरावे आणि त्या राज्याच्या दक्षिण टोकाला काणकोणला राहावे. पेट्रोल गोव्यात महाराष्ट्रापेक्षा स्वस्त मिळते, तेव्हा तिथे टाकी भरून घ्यावी. तिसऱ्या दिवशी कारवार, अंकोला, कुमटा करीत होन्नावरला यावे आणि तिथून समुद्राकडे पाठ करून शरावतीच्या खोऱ्याने जोगला चढावे.

यापुढचा मलनाड, म्हणजे कर्नाटकातला सह्याद्रीचा डोंगराळ मुलूख, हा या प्रवासाचा गाभा आहे आणि त्याला किमान चार दिवस द्यावेत. जोगजवळच्या सागरहून तीर्थहळ्ळी, अगुंबे आणि शृंगेरी हा रस्ता सुपारीच्या बागा आणि घनदाट जंगल यांतून जातो. अगुंबेला घाट उतरण्याचे कारण नाही. घाटमाथ्याजवळच्या सूर्यास्ताच्या जागी उभे राहिले, की हवा स्वच्छ असल्यास खाली दूरवर अरबी समुद्राची रेघ दिसते. शृंगेरीहून बाळेहोन्नूरमार्गे चिक्कमगळूरला जाताना कॉफीचे मळे सुरू होतात. डिसेंबर-जानेवारीत गेल्यास मळ्यांच्या अंगणात तोडलेली फळे वाळत घातलेली दिसतात आणि त्यांचा आंबूस वास उघड्या काचेतून गाडीत येतो. चिक्कमगळूरला दोन रात्री राहून एक दिवस गाडीला आणि चालकाला विश्रांती द्यावी. मुळ्ळय्यनगिरी हे कर्नाटकातले सर्वांत उंच शिखर तिथून जवळ आहे. पुढे सकलेशपूरवरून मडिकेरी आणि तिथून गोणिकोप्पल, कुट्टा, तोलपेट्टी या मार्गाने वायनाडमध्ये मानंतवाडीला उतरावे. तिथून सुलतान बत्तेरी आणि गुडलूरमार्गे उटी गाठावी.

नीलगिरीत, म्हणजे उटीच्या जिल्ह्यात, शिरण्यापूर्वी तीन गोष्टी कराव्यात. मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशानुसार मे २०२४ पासून बाहेरच्या वाहनांना उटीसाठी ई-पास काढावा लागतो. तो घरूनच ऑनलाइन काढून ठेवावा. प्लास्टिकच्या पाण्याच्या बाटल्यांवर त्या जिल्ह्यात बंदी आहे, म्हणून स्टीलच्या बाटल्या सोबत असाव्यात. शिवाय मसिनगुडी ते उटी हा छत्तीस तीव्र वळणांचा कल्हट्टी घाट बाहेरच्या वाहनांना उतरण्यास मनाई आहे, हे ध्यानात ठेवून परतीचा रस्ता गुडलूरवरूनच धरावा.

उतारावर गाडी चालवण्याची सवय नसलेल्यांसाठी एक गोष्ट विस्ताराने सांगणे मला आवश्यक वाटते. ज्या गियरमध्ये तो चढ चढला असता, त्याच गियरमध्ये तो उतरावा आणि वेग इंजिनाला रोखू द्यावा. आंबोलीच्या उतारावर मी एकदा तिसऱ्या गियरमध्ये, ब्रेकवर पाय ठेवून उतरत होतो. अर्ध्या वाटेत जळक्या रबरासारखा वास आला आणि पेडल नेहमीपेक्षा खोल जाऊ लागले. गाडी बाजूला घेऊन चाकाजवळ हात नेला, तर झळ वीतभर अंतरावरून लागत होती. पाणी न ओतता अर्धा तास थांबलो, तेव्हा ब्रेक पूर्ववत झाले. अशा वेळी गाडी न्यूट्रलमध्ये सोडणे तर अत्यंत धोक्याचे. अरुंद रस्त्यावर चढणाऱ्या वाहनाला आधी वाट द्यावी, हा आपल्याकडचा नियमच आहे.

निघण्यापूर्वी ब्रेक पॅड, टायर, स्टेपनीतली हवा, कूलंट आणि वायपरचे रबर तपासून घ्यावे. मलनाडमध्ये मोबाइलला बराच वेळ रेंज नसते, म्हणून नकाशे आधीच फोनमध्ये उतरवून घ्यावेत आणि मुक्कामाच्या गावांची नावे कानडीत लिहून ठेवावीत. गाडी भाड्याची असेल, तर पाचही राज्यांचा परवाना आणि कर यांची जबाबदारी कोणाची, हे मालकाकडून लेखी घ्यावे.

परतताना घाटांचा मोह आवरावा. उटीहून सकाळी लवकर निघून बंडीपूर, श्रीरंगपट्टण, हिरियूर करीत चित्रदुर्गला रात्री राहावे. तिथून पुणे सहाशे किलोमीटरहून अधिक आहे, तेव्हा गाडी एकच जण चालवणार असेल, तर मध्ये बेळगावला आणखी एक मुक्काम धरावा.