ड्रोन शिकताय? आधी त्या दिवशीचं आकाश कोणाचं ते विचारा

द्राक्षबागेत ड्रोन उतरवून बॅटरी बदलत होतो, तेवढ्यात बांधाशी पोलिसांची गाडी थांबली. माझ्याकडे सगळं होतं. रिमोट पायलट प्रमाणपत्र, ड्रोनचा यूआयएन म्हणजे नोंदणी क्रमांक, विमा. सकाळी सरकारच्या डिजिटल स्काय संकेतस्थळावरचा नकाशा बघितला होता, शिवार हिरव्या म्हणजे मोकळ्या भागात दिसत होतं. पण एका मोठ्या दौऱ्यासाठी जिल्ह्यात नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली प्रतिबंधात्मक आदेश निघाला होता आणि त्यात ड्रोनचं नाव स्पष्ट लिहिलेलं होतं. ड्रोन संध्याकाळपर्यंत ठाण्यात राहिला. शेतकऱ्याने कालवून ठेवलेलं औषध वाया गेलं. तो मला एक शब्द बोलला नाही, आणि तेच मला जास्त लागलं.

या धंद्यात येणारी मुलं मला विचारतात, कुठला ड्रोन घेऊ, कोर्स कुठे करू. उडवायला तुम्ही आठवड्यात शिकाल. आज, या जागेवर, या उंचीवर उडवायचा अधिकार मला कोणी दिलाय, हे ओळखायला मला दोन वर्षं लागली. माझ्या प्रशिक्षण संस्थेने ते शिकवलं नव्हतं. म्हणून हे लिहितोय.

आपल्या देशात हे नियम किती उलटसुलट फिरलेत ते माहीत असलं की आजचे नियम नीट कळतात. ऑक्टोबर २०१४ मध्ये डीजीसीएने, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, एका सूचनेने नागरी ड्रोन बंदच करून टाकले. डिसेंबर २०१८ पासून परवानगी मिळू लागली, पण प्रत्येक पायरीवर अर्ज. मार्च २०२१ मध्ये आलेले नियम इतके किचकट होते की पाच महिन्यांत ते मागे घ्यावे लागले. २५ ऑगस्ट २०२१ ला सध्याचे ड्रोन नियम आले आणि २५ फॉर्मचे ५ झाले. ही सूट आपल्याला विश्वासावर मिळाली आहे, असं मी मानतो. उद्या चार जणांनी माती खाल्ली तर ती जाणार.

आता नकाशा. हिरव्या भागात ४०० फुटांपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा २०० फूट होते, आणि नवखे नेमके इथेच चुकतात. पिवळ्या भागात हवाई वाहतूक नियंत्रणाची परवानगी, लाल भागात थेट केंद्र सरकारची. पुण्याच्या मुलांनी हे पाठच करावं, कारण लोहगावचा विमानतळ मुळात हवाई दलाचा आहे. नाशिकला एकीकडे ओझर, दुसरीकडे देवळालीचा तोफखाना. शिवाय पोलीस अधीक्षक किंवा त्या दर्जाचा अधिकारी एका वेळी ९६ तासांपर्यंत तात्पुरता लाल भाग जाहीर करू शकतो. म्हणून नकाशा कामाच्या दिवशी सकाळी बघायचा. आठवड्यापूर्वी काढून ठेवलेला स्क्रीनशॉट कामाचा नाही.

आणि नकाशा हिरवा असला तरी स्थानिक आदेश त्यावर उमटलेला असेलच असं नाही. मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूरच्या दिवसांत मुंबई पोलिसांनी शहरात ड्रोन उडवायला बंदी केली होती. असे आदेश सणावाराला, निवडणुकीला, दौऱ्याला निघतच असतात. त्या द्राक्षबागेनंतर मी एक सवय लावून घेतली. कामाच्या आदल्या दिवशी संबंधित पोलीस ठाण्यात जातो, ठिकाण, वेळ, यूआयएन लिहिलेला साधा अर्ज देतो आणि पोच घेतो. हिरव्या भागासाठी ड्रोन नियम हे मागत नाहीत. पण ठाणे अंमलदाराला तुमचा चेहरा माहीत असला की दुसऱ्या दिवशी आलेल्या फोनवर तो गाडी पाठवण्याआधी तुम्हाला विचारतो.

फोन येतातच. २०२४ च्या पावसाळ्यात बीड, जालन्याकडे रात्री ड्रोन फिरतात म्हणून गावंच्या गावं जागी राहत होती. त्या दिवसांत मला भरदुपारी कांद्याच्या रानात अडवलं होतं. लोकांचं काय चुकलं? डोक्यावर घरघरणारी वस्तू कोणाची, हे त्यांना कोणी सांगितलेलंच नव्हतं. गावठाण मोजणीत, पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीपासून सुरू झालेल्या त्या कामात, ड्रोन वर जाण्याआधी लोकांना विश्वासात घेतात आणि चुन्याने हद्दी आखतात. तुम्हीही सरपंचांना किंवा पोलीस पाटलांना आधी भेटा. वस्तीवर कॅमेरा वळवायचा नाही, हे मी माझ्या पोरांना पहिल्या दिवशी सांगतो.

बरेच जण विचारतात, हे प्रमाणपत्र घेऊन सैन्यात ड्रोन उडवता येईल का? नाही. तिन्ही दलांच्या ड्रोनना हे नियम लागूच नाहीत, तसं नियमांतच लिहिलंय. त्यांच्यावरची देखरेख वेगळ्या वाटेने चालते. खरेदीला संरक्षण मंत्रालयाच्या खरेदी परिषदेची ‘याची गरज आहे’ अशी पहिली मंजुरी, मोठा सौदा असेल तर मंत्रिमंडळाची सुरक्षाविषयक समिती, उड्डाणयोग्यता तपासायला सेमिलॅक ही संरक्षण खात्याची संस्था, खर्चावर कॅगची म्हणजे महालेखापरीक्षकांची नजर आणि संसदेची संरक्षण स्थायी समिती. अमेरिकेच्या ३१ एमक्यू-९बी ड्रोनच्या खरेदीला जून २०२३ मध्ये पहिली मंजुरी मिळाली आणि करार झाला १५ ऑक्टोबर २०२४ ला. इंजिनिअरिंग करून ड्रोन बनवणाऱ्या कंपनीत जाणार असाल तर हा भाग तुमचा. फेब्रुवारी २०२५ मध्ये लष्कराने ४०० मालवाहू ड्रोनचे करार रद्द केले, कारण चिनी सुट्या भागांचा प्रश्न. तेव्हा प्रत्येक मोटर, प्रत्येक सर्किट कुठून आलं याची नोंद ठेवायला पहिल्या नोकरीतच शिका. वरिष्ठ म्हणाले ‘एवढं कोण बघतंय’, तरी ठेवा.

बाकीचं थोडक्यात. प्रमाणपत्रासाठी वय १८ ते ६५, दहावी पास, मान्यताप्राप्त संस्थेत प्रशिक्षण. प्रमाणपत्र १० वर्षं चालतं. २५० ग्रॅमपर्यंतच्या नॅनोला आणि हौशी वापराच्या २ किलोपर्यंतच्या मायक्रोला ते लागत नाही. पण लग्नाचं शूटिंग पैसे घेऊन केलंत की ती हौस उरत नाही, आणि नियम मोडल्याचा दंड १ लाखापर्यंत जातो. फवारणीच्या ड्रोनचं वजन भरलेल्या टाकीसकट धरतात. २५ किलोच्या वर गेलात की ड्रोनचा वजनाचा वर्ग बदलतो. विक्रेता रिकाम्या ड्रोनचं वजन सांगतो, तुम्ही भरलेल्याचं विचारा.

अपघात झाला तर ४८ तासांच्या आत डीजीसीएला कळवायचं असतं. माझा एक ड्रोन विजेच्या तारेला लागून उसात पडला होता. कोणाला इजा नव्हती, कोणी बघितलंही नव्हतं, आणि सोबतचा मुलगा म्हणत होता, भाऊ, गुपचूप उचलून नेऊ. मी त्याच रात्री जेवणाआधी अहवाल भरला, त्यालाच शेजारी बसवून.