जुन्या एफसी-१५०चे प्लग काळे का पडतात? घासण्याआधी नीट बघा

महिंद्राच्या जुन्या एफसी-१५० ट्रकमध्ये विलीजचं चार सिलिंडरचं हरिकेन पेट्रोल इंजिन येतं. ते मिसिंग करू लागलं, म्हणजे मधूनच एखादा सिलिंडर पेटेनासा झाला, की स्पार्क प्लग काढून पॉलिशपेपरने घासायचे आणि परत बसवायचे, हा सर्रास इलाज. गाडी चार दिवस बरी चालते, मग पुन्हा तेच. घासताना नेमकी ती खूण पुसली जाते, जिच्यावरून बिघाड कळला असता.

आधी गाडी ८-१० किलोमीटर टॉप गिअरमध्ये चालवा. कडेला घेताना क्लच दाबून लगेच इंजिन बंद करा. आयडलवर ठेवलंत तर चांगला प्लगही काळा दिसतो आणि अंदाज चुकतो.

इंजिन निवलं की केबिनमधलं त्याच्यावरचं झाकण काढा. वायरींना नंबर लावा: रेडिएटरकडचा सिलिंडर एक नंबर, फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटण्याचा क्रम) १-३-४-२. प्लग सैल करण्याआधी भोवतीची धूळ हवेने उडवा, नाहीतर खडे सिलिंडरमध्ये पडतात. चारही प्लग सिलिंडरच्या नंबरांप्रमाणे फडक्यावर मांडा. फिकट तपकिरी रंग असेल तर सगळं ठीक.

चारही प्लगवर बोटाला लागणारी कोरडी काजळी असेल तर मिश्रणात पेट्रोल जास्त आहे. चोक पूर्ण उघडतो का, कार्बुरेटरची फ्लोट लेव्हल (आतल्या पेट्रोलची पातळी) वर गेली आहे का, पेट्रोल अडवणारा निडल व्हॉल्व्ह गळतो का, हे बघा. ऑइलबाथ एअर क्लीनर (तेलाच्या मदतीने हवा गाळणारा) तर हमखास तपासा. त्यात खुणेच्या वर तेल भरलं की हवा अडते. डिस्ट्रिब्युटरमधल्या (प्लगना स्पार्क वाटणाऱ्या भागातल्या) पॉइंटचा गॅप ०.०२० इंच हवा. स्पार्क कमजोर असला तरी काजळी धरते, आणि त्या काजळीतून करंट बॉडीला उतरतो, म्हणून स्पार्क आणखी मरतो.

एकच प्लग पेट्रोलने ओला असेल तर त्या सिलिंडरला स्पार्क मिळत नाही. शेजारची चांगली वायर तिथे लावून बघा, डिस्ट्रिब्युटर कॅपला तडा आहे का तेही बघा.

एकाच प्लगवर काळं, चिकट तेल असेल तर घाई करू नका. या इंजिनात मिश्रण आत घेणारे इनटेक व्हॉल्व्ह हेडमध्ये असतात आणि धूर बाहेर सोडणारे एक्झॉस्ट ब्लॉकमध्ये. इनटेकचा गाइड (व्हॉल्व्हची दांडी सरकते ती नळी) झिजला की इंजिनच्या ओढीने वरचं तेल थेट सिलिंडरमध्ये उतरतं. अशी गाडी उतारावर ॲक्सिलरेटर सोडून आली आणि मग रेस दिली की निळा धूर टाकते. चढावर, लोडवर सतत निळा धूर असेल तर संशय पिस्टनच्या रिंगांवर. खात्रीसाठी चारही प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून कॉम्प्रेशन मोजा. कॉम्प्रेशन कमी भरलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल घालून परत मोजा. आकडा बराच वाढला तर रिंगा गेल्या; जेमतेम वाढला तर व्हॉल्व्ह बसत नाहीत. कॉम्प्रेशन चांगलं आणि प्लग तरी तेलकट, तर गाइडच बघा. गाइडच्या दुखण्यासाठी ब्लॉक खोलून रिंगा बदलणं म्हणजे पैसे पाण्यात.

दोष काढल्यावरच नवे प्लग लावा. तारेच्या ब्रशने घासलेल्या चिनीमातीवर धातूचे ओरखडे राहतात आणि तिथूनच करंट गळतो. गॅप ०.०३० इंच, म्हणजे ०.७६ मिलिमीटर, वायर गेजने मोजा आणि फक्त बाहेरचा इलेक्ट्रोड वाकवा. प्लग हाताने शेवटपर्यंत फिरवा, मग नव्या वॉशरला पान्याने साधारण अर्धा फेरा पुरतो. दोनेकशे किलोमीटरनंतर चारही प्लग पुन्हा काढून त्याच क्रमाने मांडून बघा.