गाण्यांच्या ॲपचे खाते कायमचे बंद करताना

फोनमधून ॲप काढून टाकले की खाते बंद झाले, ही समजूत खिशाला महागात पडते. ॲप काढणे, सबस्क्रिप्शन रद्द करणे आणि खाते बंद करणे ही तीन स्वतंत्र कामे असून पहिल्याने उरलेली दोन आपोआप होत नाहीत. मी स्वतः एका सेवेचे ॲप काढून निर्धास्त झालो होतो. पैसे कापल्याचा बँकेचा तिसरा संदेश आला, तेव्हा कुठे माझी चूक लक्षात आली.

म्हणून आधी पैशांचा मार्ग शोधावा. सबस्क्रिप्शन जिथून घेतले असेल, तिथूनच ते रद्द करावे लागते. सेवेच्या संकेतस्थळावर कार्ड दिले असेल तर तिथल्या खात्याच्या पानावर तो पर्याय सापडतो. ॲपलमार्फत पैसे जात असतील तर आयफोनच्या सेटिंग्जमध्ये आपल्या नावावर टिचकी मारून ‘सबस्क्रिप्शन्स’ उघडावे. गूगल प्लेमार्फत जात असतील तर प्ले स्टोअरमध्ये आपल्या प्रोफाइलच्या चित्राखाली तीच यादी दिसते. मोबाइल कंपनीच्या योजनेबरोबर सेवा मिळाली असेल, तर त्या कंपनीकडेच जावे लागते. मार्ग आठवत नसल्यास जुन्या पावतीचा ईमेल कोणाकडून आला होता ते पाहावे. रद्द केल्यावरही भरलेल्या मुदतीपर्यंत सेवा बहुधा चालू राहते, त्यामुळे शेवटच्या दिवसाची वाट पाहण्यात काही फायदा नाही. कुटुंबाची योजना आपल्या नावावर असेल तर घरातल्या इतरांना आधी सांगावे, कारण आपल्याबरोबर त्यांचीही सशुल्क सेवा थांबते.

पैशांचा प्रश्न मिटला की प्लेलिस्टकडे वळावे. घाईत खाते बंद करणाऱ्यांना नंतर हळहळ वाटते ती याच गोष्टीची. डाउनलोड केलेली गाणी फोनमध्ये असली तरी ती कुलूपबंद स्वरूपात असतात आणि सशुल्क सेवा संपली की वाजत नाहीत; ती पुन्हा कुठेही मिळतील, पण वर्षानुवर्षे जमवलेली गाण्यांची निवड पुन्हा जुळवणे कठीण. स्पॉटिफायवर खात्याच्या ‘प्रायव्हसी’ विभागातून आपल्या माहितीची प्रत मागवता येते. तिच्यात प्लेलिस्ट आणि मागच्या एका वर्षाचा ऐकण्याचा इतिहास येतो. खाते उघडल्यापासूनचा इतिहास हवा असल्यास वेगळी विनंती करावी लागते आणि तिला अधिक दिवस लागतात. फाइल उघडल्यावर प्रथम गोंधळायला होते. प्रत्येक नोंदीत कलाकार, गाणे, ऐकणे संपल्याची वेळ आणि किती मिलिसेकंद ऐकले तो आकडा असतो. चार मिनिटांचे गाणे पूर्ण ऐकले असेल तर तिथे सुमारे २,४०,००० दिसते आणि सुरुवातीलाच पुढे ढकललेले गाणे चार-पाच हजारांवर थांबलेले असते. प्रत हाती येऊन उघडून पाहिल्याशिवाय पुढचे पाऊल टाकू नये.

यानंतर प्रत्यक्ष खाते बंद करावे. हा पर्याय बहुतेक वेळा ॲपमध्ये ठळक नसतो, संकेतस्थळाच्या मदत विभागात आत कुठेतरी असतो. तो शोधण्यासाठी संगणकाचा मोठा पडदा बरा पडतो. फेसबुक किंवा गूगलच्या खात्याने प्रवेश करण्याची सवय असेल, तर नोंदणी कोणत्या ईमेलवर आहे ते आधी तपासावे, नाहीतर भलतेच रिकामे खाते बंद होते आणि खरे तसेच राहते. विनंतीनंतर ईमेलवर खात्री करण्यासाठी दुवा आल्यास त्यावर टिचकी मारल्याशिवाय प्रक्रिया पूर्ण होत नाही. स्पॉटिफाय त्यानंतर खाते परत सुरू करण्यासाठी ७ दिवसांची सवलत देते.

यूट्यूब म्युझिक आणि ॲपल म्युझिक यांच्या बाबतीत मात्र इथेच थांबावे. या सेवा गूगलच्या किंवा ॲपलच्या मुख्य खात्याला जोडलेल्या असतात आणि गाण्यांपायी ते खातेच पुसले, तर टपाल, छायाचित्रे आणि विकत घेतलेली ॲपही हातची जातात. तिथे सबस्क्रिप्शन रद्द करणे आणि हवा असल्यास ऐकण्याचा इतिहास पुसणे एवढे पुरेसे असते.

बंद झाल्याचा ईमेल लगेच काढून टाकू नये. पुढच्या वसुलीची तारीख उलटून बँकेच्या विवरणात ती नोंद नसल्याची खात्री होईपर्यंत तो जपून ठेवावा. पैसे कापलेच गेले, तर तक्रार करताना तोच पुरावा म्हणून दाखवता येतो.