बॉडीबिल्डिंगच्या स्टेजवर पहिल्यांदा उतरताय? या चुका टाळा

दिवाळीचा फराळ संपला की मराठवाड्यातल्या जिमांमध्ये एकच प्रश्न सुरू होतो, "दोन महिन्यांत तयारी होईल का?" होत नाही. १९ फेब्रुवारीला, शिवजयंतीला स्पर्धा असेल तर चौदा आठवडे मागे मोजा. नोव्हेंबरचा दुसरा आठवडा येतो, आणि डाएट तेव्हा सुरू झालेलं पाहिजे. आठवड्याला अर्धा-पाऊण किलो वजन उतरलं तर चरबी जाते आणि कमावलेला मसल टिकतो. सहा आठवड्यांत आठ-नऊ किलो उतरवणारा पोरगा चरबीबरोबर खांदे आणि मांड्याही घालवून बसतो.

दोन भाकरी म्हणजे किती?

डाएटच्या कागदावर "दोन भाकरी" लिहिलेलं असतं. कोणाच्या हातच्या? एका घरी भाकरीला पाऊणशे ग्रॅम ज्वारीचं पीठ लागतं, शेजारच्या घरी सव्वाशे. दोन भाकऱ्यांमागे शंभर ग्रॅम पिठाचा फरक पडला म्हणजे साधारण ३५० कॅलरी झाल्या. आठवड्याला अर्धा किलो चरबी उतरवायला रोज ५५० कॅलरी कमी खाव्या लागतात. त्यातल्या ३५० अशा परातीतच परत येतात, आणि पोरगा म्हणतो, "मला डाएट लागू पडत नाही."

काटा घ्या आणि सगळं कच्चं तोला. शंभर ग्रॅम कच्चं चिकन शिजल्यावर सत्तर-पंचाहत्तर ग्रॅम भरतं, शंभर ग्रॅम तांदळाचा भात अडीचशेच्या पुढे जातो. आज कच्चं आणि उद्या शिजलेलं तोललं तर हिशेब कधीच जुळत नाही. करडईचं तेल थेट बुधलीतून कढईत ओतू देऊ नका. एक मोठा चमचा म्हणजे १२० कॅलरी. आईला डाएट समजावत बसण्यापेक्षा सकाळीच दिवसाचं तेल वाटीत काढून ठेवा, ते जास्त सोपं पडतं. प्रोटीन वजनाच्या किलोमागे दोन ग्रॅमच्या आसपास धरा. ते अंडी, चिकन, दही आणि सोयाबीनच्या वड्यांतून भागतं, उधारीवर प्रोटीन पावडरचे डबे आणायची गरज नाही.

हुरड्याच्या दिवसांत शेतात बोलावणं येणारच. जा, पण शेंगदाण्याच्या चटणीला हात लावू नका.

मीठ बंद, पाणी बंद

या एका चुकीपायी दरवर्षी चांगली तयार झालेली पोरं वाया जातात. परभणीकडच्या एका पोराचं उदाहरण घ्या. वजनगट ६५ किलोचा, तयारी तेरा आठवड्यांची, रविवारी स्पर्धा. कोणीतरी सांगितलं म्हणून सोमवारी मीठ तोडलं, गुरुवारी पाणी. शनिवारी रात्री मेडिकलमधून लघवीची गोळी आणून घेतली. रविवारी वॉर्मअपला रबर बँड ओढ ओढ ओढला तरी पंप येईना, म्हणजे मसल रक्ताने फुगेनात. छाती बसलेली, दंडावर शीर नाही. पाठ दाखवायच्या बॅक डबल बायसेप्स पोझला टाच उचलताच पोटरीत गोळा आला आणि तो स्टेजवरच खाली बसला. रात्री दवाखान्यात सलाईन लागलं. दुसऱ्या दिवशी जेवून, पाणी पिऊन तोच पोरगा आरशासमोर उभा राहिला, तर स्टेजवरच्यापेक्षा भरलेला आणि कापलेला, म्हणजे मसलच्या रेषा उठून आलेला दिसत होता. तेरा आठवड्यांची मेहनत एक दिवस उशिरा दिसली.

असं का होतं ते समजून घ्या. मसलमध्ये पाऊण हिस्सा पाणीच असतं. भातातून आलेला एक ग्रॅम ग्लायकोजेन, म्हणजे शरीराने साठवलेली साखर, मसलमध्ये साठताना सुमारे तीन ग्रॅम पाणी सोबत घेतो. तुम्ही पाणीच तोडलं तर तो भात मसल भरणार कशाने? मीठ अचानक बंद केलं की अल्डोस्टेरॉन हार्मोन वाढतो आणि शरीर उलट पाणी धरून ठेवायला बघतं. शिवाय रक्तातलं पाणी घटलं की पंप जातो.

गोळ्यांचं तर नावच काढू नका. फ्युरोसेमाइडसारखी लघवीची गोळी पाण्याबरोबर पोटॅशियमही काढते आणि हृदयाचे ठोके बिघडतात. १९९२ मध्ये मोहम्मद बेनाझिझा हा मुरलेला व्यावसायिक स्पर्धक हॉलंडमधल्या स्पर्धेनंतर काही तासांत गेला. जिल्हा पातळीवरच्या ट्रॉफीसाठी एवढी जोखीम पत्करायला लावणारा माणूस तुमचा कोच नाही.

शेवटच्या आठवड्यात रोजचं मीठ तसंच ठेवावं. पाणी शनिवारपर्यंत नेहमीइतकं, आणि रविवारी तहानेप्रमाणे घोट-घोट. शेवटचे दोन दिवस ६५ किलोच्या पोराने ३०० ते ३५० ग्रॅम कार्ब घ्यावेत, तेही भात, केळी अशा पोटाला सवयीच्या खाण्यातून. दोन आठवडे आधी याची एकदा तालीम करा. वजन गटाच्या काठावर असेल तर पोटभर खाणं वजन झाल्यावरच. आणि स्पर्धेला चार आठवडे राहिले असताना कंबरेच्या मागे चिमटीत चरबी येत असेल, तर ती चरबीच आहे. पाणी तोडून ती जाणार नाही.

पोझिंग "शेवटच्या आठवड्यात बघू"

सात सक्तीच्या पोझ आहेत: फ्रंट डबल बायसेप्स, फ्रंट लॅट स्प्रेड, साइड चेस्ट, बॅक डबल बायसेप्स, बॅक लॅट स्प्रेड, साइड ट्रायसेप्स, ॲब्डॉमिनल अँड थाय. पोरं आरशासमोर दंड फुगवतात आणि पाय विसरतात. प्रत्येक पोझ खालून वर बांधायची: आधी पाऊल, मग पोटरी, मांडी, पोट आणि शेवटी हात. आठ आठवडे आधीपासून रोज पंधरा मिनिटं, शेवटच्या महिन्यात अर्धा तास. एकेक पोझ पंधरा सेकंद धरा, चेहरा न आवळता, श्वास चालू ठेवून. निम्मा वेळ आरशाकडे पाठ करा, कारण स्टेजवर आरसा नसतो. रांगेत नुसतं उभं असतानाही लॅट (काखेखालचे पाठीचे मसल) उघडे, पोट आत, मांडी ताठ. पंच तेव्हाही बघत असतात.

रंग

तीन दिवस आधी अंगावरचे केस काढा. आदल्या रात्री खसखसून अंघोळ, त्यानंतर तेल, क्रीम, डिओ काही नाही. स्टेजसाठी अंगाला लावायच्या गडद रंगाचा पहिला हात रात्री, दुसरा सकाळी. हॅलोजनखाली कातडी फिकी दिसते म्हणून रंग मनाला पटतो त्याहून गडद हवा. कानामागे, काखेत, पावलांवर विसरू नका. एप्रिलच्या चाळीस अंशांत घामाचे ओघळ उतरतात, तेव्हा कूलरसमोर बसून राहा. नवी ट्रंक (स्टेजवर घालायची चड्डी) एकरंगी, साधी घ्या आणि घालून पोझ मारून बघा.

पायाचा जड व्यायाम पाच-सहा दिवस आधी थांबवा. शेवटच्या आठवड्यात नवीन व्यायाम, नवीन पावडर, नवीन कोच काहीही नको.

स्टेजमागे

पत्रिकेवर चारची वेळ असते. पाहुण्यांचे सत्कार होता होता तुमचा गट नऊला लागतो. चारच्या हिशेबाने पंप मारलेली पोरं नऊला लोळागोळा झालेली असतात. पिशवीत मीठ घातलेला भात, केळी, खजूर, गूळ ठेवा आणि दर दोन तासांनी थोडं खा. तुमच्या आधीचा गट वर गेला की बँड हातात घ्या. बारा-पंधरा मिनिटं पुश-अप्स, बँडने रोइंग, साइड रेझेस, घाम फुटायच्या आत थांबा. मांड्यांना हात लावू नका, पंप झाला की त्यांची कट बुजते. तेलाचा पातळ हात सोबतीकडून पाठीला लावून घ्या, आणि नंबरचा बिल्ला ट्रंकला नीट लागलाय का हे त्यालाच बघायला सांगा.